उमेदवार चिन्नप्पा

बोकड निवडणुकीला उभा करावा, असं शिवानंदराव बिराजदारांच्या मनात काडीमात्र नव्हतं. ते गुरुभाऊंच्या संपर्क कार्यालयात पाण्याची तक्रार घेऊन गेले होते. जाताना इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला दोन पेनं लावली होती आणि बसवकृपा हौसिंग सोसायटीचे चिटणीस या नात्यानं काय बोलायचं, ते रिक्षात पाठही केलं होतं. विजापूर रोडच्या या सोसायटीत नळाला पाणी पाच दिवसांआड यायचं, आणि तेही आगंतुक पाहुण्यासारखं, कधी पहाटे, कधी भर दुपारी माणसं जेवायला बसली की.

गुरुभाऊ यंदा महापालिकेला या प्रभागातून उभारणार, हे चौकातल्या प्रत्येक खांबाला माहीत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, मान हलवली आणि म्हणाले, "काका, खरं बोलू का? राग मानायचा न्हाई. तुमच्या सोसायटीत माणसं राहतात का न्हाईत, हेच आमाला कळत न्हाई. मागच्या मतदानाला तुमच्याकडनं आलं कोण? तुमी आन् काकू. बाकीचे सुट्टी काढून झोपले. जिथं मत न्हाई, तिथं पाणी कशाला वळवायचं, सांगा की."

"लोकांना समजावू आम्ही," शिवानंदराव म्हणाले.

"लोकाचं सोडा. तुमचा युवराज येतो का पुण्याहनं मताला? त्यापरीस तुमचा बोकड बरा. हाक मारली की दारात तरी येतंय."

कार्यालयात बसलेली झाडून सगळी माणसं हसली. चहा देणारा बाप्यासुद्धा हसला. शिवानंदरावांचे कान तापले. विमा कचेरीत त्यांनी जन्म काढला, पण तिथं साहेबानंसुद्धा त्यांचा असा पाणउतारा केला नव्हता. आणि खरं सांगायचं तर बोकडाचं त्यांना काही लागलं नाही, पोराचं लागलं. कारण ते खरं होतं. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेला युवराज दर निवडणुकीला फोनवर म्हणायचा, "अप्पा, या आठवड्यात रिलीज आहे, नाही जमायचं." हे रिलीज म्हणजे काय, ते शिवानंदरावांना कधी कळलं नाही; पण ते नेमकं मतदानालाच येतं, एवढं लक्षात आलं होतं.

ते ताडकन उठले. "मग बोकडच उभा करतो!" असं बोलून बाहेर पडले. चहा अर्धा राहिला. शिवानंदरावांनी चहा अर्धा टाकला, यावरून रागाचा अंदाज यावा.

आता शिवपूजा करून जेवणाऱ्या, कांदा-लसणाच्या वर पायरी न चढलेल्या लिंगायत घरात बोकड आला कुठून, हे सांगितलं पाहिजे. सांगोल्याकडच्या धुळा नावाच्या मेंढपाळाचं विम्याचं एक अडकलेलं काम शिवानंदरावांनी निवृत्त होता होता मार्गी लावलं होतं. धुळा उपकार ठेवणारा माणूस नव्हे. एक दिवस तो टेम्पोतून उतरला आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं एक करडू त्यानं अंगणात सोडलं. "साहेब, घरचं हाय. पावण्या-रावळ्यास्नी बोलवा, आन् झ्याक जेवा," म्हणाला. आपण हे खात नाही, असं त्याच्या तोंडावर सांगणं शिवानंदरावांच्या भिडेत बसेना. त्यांनी हात जोडून करडू ठेवून घेतलं. पुढं धुळाचा फोन आला, "कसं काय झालं हुतं, साहेब?" शिवानंदराव चाचरत म्हणाले, "फार गोड. सगळ्यांना आवडलं." हे तसं खोटं नव्हतं. त्यांच्या बायकोनं, महादेवीनं, तोवर त्याचं नाव चिन्नप्पा ठेवलं होतं, आणि तो सगळ्यांना आवडतच होता.

चिन्नप्पाचा दिनक्रम ठरलेला. सकाळी कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणी लावून, दुपारी सोसायटीच्या बागेतली जास्वंद, आणि संध्याकाळी चिटणिसांच्या सह्या व्हायच्या असतील ते कागद.

घरी येऊन शिवानंदरावांनी सगळी हकीकत सांगितली तेव्हा महादेवी शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "अहो, रागात माणूस बोलतो. उद्या जाऊन सांगा, चेष्टा केली म्हणून."

"मुळीच नाही. बोकड उभा राहणार, आणि या सोसायटीतला एकूण एक माणूस मतदानाला जाणार. बोकडाला नव्हे. कुणालाही द्या, पण द्या. बोकडानं लाज काढायची, दुसरं काही नाही."

"आणि लाज कुणाची निघंल?" महादेवीनं विचारलं. शिवानंदरावांनी अर्ज लिहायला कागद काढला.

*

ज्या कामाला परवानगी लागत नाही त्याचीही परवानगी घेऊन ठेवावी, हा विमा कचेरीचा संस्कार. दुसऱ्या दिवशी शिवानंदराव निवडणुकीच्या परवानगी कक्षात जाऊन उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"काका, प्रचारात जनावर वापरायला बंदी हाय."

"वापरत नाही हो. तोच उमेदवार आहे."

"कुठल्या पक्षाचा?"

"अपक्ष."

"अपक्ष सगळेच असतेत. निकालानंतर कुठं जाणार?"

"गवत असेल तिकडं."

"मग बरोबर हाय," म्हणत कारकून अर्ज घेऊन आत गेला. बऱ्याच वेळानं आला. "साहेब म्हणतात, माणसानं प्रचारात जनावर वापरू नये, असं परिपत्रक हाय. जनावरानं प्रचारात माणसं वापरावीत का न्हाई, यावर वरून मार्गदर्शन मागवावं लागंल."

"ते कधी येईल?"

"निकाल लागल्यावर येतंय बहुतेक. तोवर जनजागृती म्हणून करा. फक्त मतदानादिवशी केंद्राच्या शंभर मीटरच्या आत आणू नका. आणलं की प्रचार झाला. मग जनावर आत न्हाई, तुमी आत."

परवानगी म्हणावी अशी नाही आणि नकार म्हणावा असाही नाही, असं हे उत्तर घेऊन शिवानंदराव समाधानानं बाहेर पडले. सरकारी कामात याहून जास्त मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मग फ्लेक्स. फ्लेक्सवाल्याला त्यांनी फोनवर सांगितलं, "नुसतं 'चिन्नप्पा' लिहा." तो म्हणाला, "काका, आधा नाम मैं नक्को छापता. मधलं नाव, आडनाव?" शिवानंदराव तेव्हा नळाला पाणी आलं म्हणून बादल्या लावत होते. त्यांना वाटलं, बिल कुणाच्या नावानं करायचं ते विचारतोय. "शिवानंद बिराजदार," ते ओरडले.

संध्याकाळी सोसायटीच्या फाटकावर दहा फुटी फ्लेक्स चढला. वर भस्माचे पट्टे ओढलेला, भारदस्त, किंचित तिरक्या नजरेचा बोकड. आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'आपल्या प्रभागाचे सुसंस्कृत नेतृत्व, चिन्नप्पा शिवानंद बिराजदार.'

अक्कलकोटहून मामेभावाचा फोन आला, "शिवानंदा, धाकटा पोरगा उभारला म्हणं, कळवायचं तरी!" फोटोचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मंगळवेढ्याहून मेहुणीनं विचारलं, "युवराजच्या पाठीवर तुम्हाला अजून एक झालाय, हे आम्हाला कसं माहीत नाही?" शिवानंदराव प्रत्येकाला समजावून सांगत होते, आणि समजावून सांगितल्यावर पलीकडचा माणूस आधीपेक्षा जास्त वेळ हसत होता.

सगळ्यात शेवटी युवराजचा फोन आला. "अप्पा, मला भाऊ झालाय असं ग्रुपवर कळलं."

"छपाईची चूक आहे," शिवानंदराव घुश्शात म्हणाले. मग न राहवून त्यांनी पुढं घातलं, "पण तो इथं तरी असतो."

मग युवराज म्हणाला, "आईला सांगा फोन केला होता म्हणून." फोन ठेवल्यावर शिवानंदरावांना वाईट वाटलं. ते जाऊन चिन्नप्पाशेजारी बसले. चिन्नप्पानं त्यांच्या खिशातलं पेन काढून चावलं.

*

आता शेजाऱ्यांचं. सोलापुरात शेजाऱ्याला सल्ला मागावा लागत नाही. तो आपण होऊन येतो, चहा पितो आणि दुसऱ्या दिवशी आपला सल्ला मानला की नाही ते बघायला परत येतो.

कवायतीचे निवृत्त शिक्षक कल्लप्पा मास्तर पहिल्या मजल्यावर राहायचे. त्यांचं म्हणणं, उमेदवाराची छाती पुढं पाहिजे. त्यांनी शिट्टी घेऊन चिन्नप्पाला 'सावधान' शिकवायला घेतलं. चिन्नप्पा ऐकून घ्यायचा आणि 'विश्राम' म्हणताच मास्तरांच्या मांडीवर शिंगं टेकवायचा. मास्तरांनी स्वतः कित्येक निवडणुकांत मत दिलं नव्हतं. "लायनीत उभारायला माझं गुडघं ऐकत न्हाईत," असं ते बोकडामागं धावता धावता सांगत.

यन्नमशेठचा टॉवेलचा कारखाना. ते म्हणाले, "उमेदवाराच्या गळ्यात उपरणं पाहिजेच की हो. मी देतो. छापलेलं नको, विणून देतो. धुतलं तरी घोषणा जाणार नाही." घोषणा काय असावी, यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा भरली. 'मतदान श्रेष्ठ दान' वगैरे सूचना आल्या. चिन्नप्पा जांभई देत होता. शेवटी महादेवी म्हणाली, "त्याच्या बाजूनं विचार करा की कुणीतरी. निवडणूक आली की कुणाच्या मानेवर सुरी येते?"

सभेनं माना डोलावल्या. निवडणुकीच्या दिवसांत संध्याकाळ झाली की कुठल्या मंगल कार्यालयाच्या मागं पातेली चढतात आणि कुणाच्या नावानं पंगती उठतात, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दोन दिवसांत यन्नमशेठचा टॉवेल विणून आला. पांढरा, केशरी काठाचा, आणि त्यावर: 'मतासाठी जेवण घेऊ नका. त्या जेवणात मी असतो.'

यन्नमशेठची सून प्रियंका मोबाइलवर रील करण्यात तरबेज. तिनं चिन्नप्पाला तो टॉवेल घालून फाटकात उभा केला, मागं सनई लावली आणि लोकांपुढं सोडून दिला. रात्रीतून तो गावभर झाला. दुसऱ्या दिवशी रिक्षावाले थांबून विचारू लागले, "उमेदवार हितंच राहतो व्हय?" शाळेच्या बसगाड्या फाटकाशी हळू व्हायच्या. गुरुभाऊंचा फोन आला. आवाज गोड होता, पण कडेनं चिरलेला.

"काका, ही चेष्टा पुरे की आता. काल आमच्या जेवणाला निम्मी माणसं आली न्हाईत. जी आली ती पत्रावळीकडं बघून 'चिन्नप्पा, चिन्नप्पा' करून हसत बसली."

"तुमचं जेवण होतं? आचारसंहितेत?" शिवानंदरावांनी अत्यंत निरागसपणे विचारलं.

"न्हाई, न्हाई. ते एका कार्यकर्त्याचं जावळ हुतं," म्हणून गुरुभाऊंनी फोन ठेवला.

रील सांगोल्यापर्यंतही पोचलं, आणि तिथून धुळा आला. तो फाटकात उभा राहिला, फ्लेक्सकडं बघितलं, मग बोकडाकडं, मग शिवानंदरावांकडं.

"साहेब, तुमी तर लई गोड हुता म्हणालासा!"

शिवानंदरावांना जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यांनी आत नेऊन, पाटावर बसवून धुळाला सगळं सांगितलं. आम्ही खात नाही, भीड पडली, मग नाव ठेवलं, मग काय करणार. धुळानं धपाटं दह्यात बुडवलं, तोंडात घातलं, आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला. "आरं तिच्या! म्हंजे मी खायाला म्हून दिलेला बोकड मताला उभारला! साहेब, आमच्या वाडीत कुणाचा बोकड एवढा जगला न्हाई, पुढारी तर लांबच." जाताना त्यानं चिन्नप्पाच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या गळ्यात पितळी घुंगरू बांधून गेला.

*

एवढं सगळं होऊनही शिवानंदराव रात्री तळमळत असत. लोक हसत होते, फोटो काढत होते. पण मतदानाचं विचारलं की ज्याची त्याची सबब तयार. यंदा मतदान नेमकं सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत आलं होतं. घरोघरी पाहुणे उतरलेले, संक्रांत तोंडावर, नंदीध्वजाच्या काठ्यांची मिरवणूक बघायला जायचं, सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायचं. कुणी म्हणे, एकेकानं चार चार नगरसेवकांची बटणं दाबायची, आमाला जमायचं नाही. आणि सगळ्यांची लाडकी सबब म्हणजे मतदान केंद्र बदललंय, ते कुठं आहे कोण जाणे. केंद्र मागच्या गल्लीतल्या शाळेत होतं. रोज त्याच शाळेपुढच्या गाड्यावरून हीच माणसं भजी आणत.

तेव्हा शिवानंदरावांनी पदयात्रा सुरू केली. रोज सकाळी बरोब्बर आठ वाजता चिन्नप्पाला टॉवेल घालून ते फाटकातून निघायचे, औषधाच्या दुकानावरून वळायचे आणि शाळेच्या फाटकाशी थांबून मोठ्यानं म्हणायचे, "हे बघा, केंद्र इथं आहे!" चिन्नप्पा कंटाळू नये म्हणून तिथं त्याला कडक भाकरीचा एक तुकडा. सोसायटीतली माणसं गॅलरीतून बघायची आणि हात हलवायची. मागं यायचं कुणी नाही. पण चिन्नप्पाला मात्र या कार्यक्रमाची गोडी लागली. आठ वाजायच्या आधी तो फाटकाला शिंगं घासू लागला.

मतदानाचा दिवस उजाडला. शिवानंदराव अंघोळ, पूजा उरकून सातलाच फाटकात खुर्ची टाकून बसले. चिन्नप्पा शेजारी टॉवेल घालून उभा. घासून पुसून लख्ख केलेला. फाटकातून कोण बाहेर पडलं? एक दूधवाला, आणि यात्रेला निघालेलं एक बिऱ्हाड. साडेसात झाले. पावणेआठ झाले. यन्नमशेठ वरून ओरडले, "जातो की हो, आंघोळ होऊ द्या!" कल्लप्पा मास्तरांनी खिडकीतून गुडघा दाखवला.

शिवानंदरावांचा चेहरा एवढासा झाला. गुरुभाऊंचं ते हसू त्यांना पुन्हा ऐकू आलं. महादेवीनं आतून हाक मारली, "अहो, तांब्याभर चहा तरी घ्या." ते उठून आत गेले. आज चहा संपवायला त्यांना बराच वेळ लागला. बाहेर आले तर खुर्ची होती, दोरी होती, चिन्नप्पा नव्हता.

"महादेवी!"

ती धावत आली, रिकामी दोरी बघितली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. निवडणुकीचा दिवस, रस्त्यात एकटा तयार बोकड, आणि गुरुभाऊंचा तो फोन. दोघांच्याही मनात एकाच वेळी एकच पातेलं आलं.

महादेवी बिराजदार म्हणजे शांत बाई. सोसायटीच्या भांडणात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्या सकाळी तिनं जिन्याच्या तळाशी उभं राहून अशी हाक घातली की वरच्या मजल्यावरची ताटं हलली. "अव्वा गं! माझ्या चिन्नाला पळवला! मटणासाठी पळवला हो!"

आणि मग जे झालं, ते शिवानंदरावांच्या पदयात्रांनी झालं नव्हतं. दारं फटाफट उघडली. यन्नमशेठ अर्धी दाढी केलेले. प्रियंका मोबाइल घेऊन. पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, गजरे माळून यात्रेला निघालेल्या बायका. कल्लप्पा मास्तर तर चार चार पायऱ्या उतरत आले. गुडघे कुठं राहिले कुणास ठाऊक. "कुठं नेलाय त्याला? दाखवा फक्त!" मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि सगळी बसवकृपा सोसायटी रस्त्यावर आली.

"थांबा," घाईतही शिवानंदरावांचं विमा कचेरीतलं डोकं चाललं. "पोलिसात जावं लागेल. सगळ्यांनी ओळखपत्र बरोबर घ्या!" सगळ्यांनी घेतलं.

मोर्चा थेट गुरुभाऊंच्या घरामागच्या बोळात शिरला, कारण वासच तिकडून येत होता. तिथं ताडपत्रीच्या आडोशाला हंडा चढला होता. हंडा कसला, आत माणूस बसेल. शेजारी गुरुभाऊ पांढऱ्या कपड्यात उभे होते. समोरून येणारी गर्दी बघून आधी त्यांना वाटलं, पाठिंबा आला. त्यांनी हात जोडले.

"झाकण काढा," महादेवी म्हणाली.

"काकू, काय झालं?"

"झाकण काढा म्हणते ना!"

जन्मात ज्यांनी अंडं फोडलं नाही अशा दहा-बारा बायका नाकाला पदर लावून त्या हंड्यात डोकावल्या. बघून कळणार काय होतं? रस्सा लाल होता आणि वर तर्री होती. कुणीतरी "ठिपके दिसतात का बघा" म्हणालं आणि महादेवीनं हुंदका दिला.

"देवाशपथ सांगतो काकू, ह्यो दुकानातला हाय!" गुरुभाऊंना घाम फुटला.

"मग पावती दाखवा," शिवानंदराव पुढं झाले.

गुरुभाऊंनी खिशाकडं हात नेला आणि तो तिथंच थांबला. पावती होती. पण ती दाखवावी, तर मतदानादिवशी एवढं मटण कुणासाठी शिजतंय, हे प्रियंकाच्या मोबाइलमध्ये जाणार, तिथून निवडणुकीच्या खर्चात, आणि तिथून कुठं कुठं. न दाखवावी, तर सोलापूरच्या सगळ्यात लाडक्या उमेदवाराचा खून अंगावर. बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत. गुरुभाऊंनी एवढा अवघड प्रश्न अख्ख्या प्रचारात सोडवला नव्हता. ते नुसतीच तोंडाची उघडझाप करत राहिले.

इतक्यात बोळाच्या तोंडाशी शाळेपुढचा भजीवाला धापा टाकत आला. "काका! तुमचं बोकड शाळंपाशी हाय! मतदानाच्या लायनीत उभारलंय!"

*

आठाच्या ठोक्याला सवयीप्रमाणं कुणी आपल्याला न्यायला आलं नाही, म्हणून चिन्नप्पा एकटाच निघाला होता. औषधाच्या दुकानावरून वळला होता आणि शाळेच्या फाटकाशी भाकरीची वाट बघत थांबला होता. सबंध बसवकृपा सोसायटीत वेळेवर मतदान केंद्रावर पोचलेला तो एकटाच उमेदवार, एकटाच रहिवासी आणि एकटाच सुसंस्कृत.

सोसायटी धावत शाळेपाशी पोचली तेव्हा रांगेच्या शेपटाशी दोन पोलीस उभे होते, आणि पाठीला बॅग लावलेला एक दाढीवाला तरुण घुंगराचा पट्टा धरून त्यांच्याशी हुज्जत घालत होता.

"शंभर मीटरच्या आत प्रचार चालत न्हाई," पोलीस म्हणत होता. "ह्याच्या टॉवेलवर घोषणा हाय."

"कुठं आहे घोषणा? वाचून दाखवा."

पोलिसानं टॉवेल उलटा-पालटा करून बघितला. वाट बघून बघून चिन्नप्पाला भूक लागली होती. धुतली तरी न जाणारी यन्नमशेठची घोषणा त्यानं काठासकट खाऊन टाकली होती. गळ्यात उरला होता फक्त केशरी दशांचा एक तुकडा आणि एक शब्द: 'मी'.

पोलीस चिडला. "ते राहू द्या. हा बोकड कुणाचा? तुमचा कोण लागतो?"

तरुणानं एकदा चिन्नप्पाकडं बघितलं, एकदा समोरून धापा टाकत येणाऱ्या शिवानंदरावांकडं बघितलं.

"धाकटा भाऊ आहे," युवराज म्हणाला.

शिवानंदराव जागच्या जागी थांबले. त्यांनी एवढंच विचारलं, "रिलीज?"

"पुढं ढकललं. रात्रीच्या बसनं आलो. म्हटलं, घरातला एक जण उभा आहे, निदान मत तरी द्यावं." मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी बोललात ते बरोबर होतं, अप्पा."

महादेवीनं एका हातानं पोराला आणि दुसऱ्या हातानं बोकडाला कवटाळलं, आणि रडायला तिला कुणाचं निमित्त हवं होतं, ते कुणी विचारलं नाही.

"आता एवढी माणसं हितं काय करतायत?" पोलीस ओरडला. "मतदार असाल तर लायनीत उभारा, नसाल तर चला!"

सोसायटीनं एकमेकांकडं बघितलं. केंद्र कुठं आहे, ते आता माहीत नाही म्हणायची सोय उरली नव्हती. ओळखपत्रं प्रत्येकाच्या हातात होतीच. कल्लप्पा मास्तरांनी सवयीनं शिट्टी फुंकली, "एका रांगेत!" आणि बसवकृपा हौसिंग सोसायटी, अर्ध्या दाढीच्या यन्नमशेठसह, मुकाट्यानं रांगेला लागली. चिन्नप्पाला भजीवाल्यानं रेषेबाहेर नेऊन कांद्याच्या साली घातल्या.

मागून गुरुभाऊही आले. आपल्या हातून बोकडाचा खून झालेला नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडलं नव्हतं. रांगेची लांबी बघून ते थक्क झाले. शिवानंदरावांजवळ येऊन हळूच म्हणाले, "काका, जितलात. पाण्याचं बघतो मी."

"निवडून आलात तर बघा, पडलात तरी बघा," शिवानंदराव म्हणाले. "आणि तो हंडा उतरवा आधी."

गुरुभाऊ थोडक्यात निवडून आले. आता पाणी तीन दिवसांआड येतं, पण वेळ अजूनही आगंतुकाचीच आहे.

फाटकावरचा फ्लेक्स उतरवून शिवानंदरावांनी नवा लावला, आणि या वेळी नावं स्वतः दुकानात जाऊन, चष्मा लावून, अक्षर न् अक्षर तपासून दिली: 'मतदान केल्याबद्दल सर्व रहिवाशांचे आभार. आपले नम्र, चिन्नप्पा शिवानंद बिराजदार, युवराज शिवानंद बिराजदार.'

पुण्याला निघताना युवराज बॅग घेऊन फाटकाशी थांबला. "अप्पा, थोरला मी आहे. माझं नाव खाली कसं?"

शिवानंदरावांनी चिन्नप्पाच्या तोंडातून आपलं पेन सोडवलं आणि खिशाला लावलं.

"नावं वयानं टाकलेली नाहीत," ते म्हणाले. "केंद्रावर कोण आधी पोचलं, त्या क्रमानं टाकलीत. पुढच्या वेळी लवकर ये."